डिस्क गोल्फचं सामान: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत आणि जवळचं दुकान कसं सांभाळावं

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत शार्लटला सहा महिने राहायला आले, तेव्हा एका शनिवारी मी त्यांना आमच्या नेहमीच्या डिस्क गोल्फच्या दुकानात घेऊन गेले. बाबांनी चाळीस वर्षं वह्या-पुस्तकांचं दुकान चालवलं. आत शिरल्यावर खेळाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. भिंतभर लावलेल्या रंगीत चकत्या बघत ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "एवढा माल मांडायला याचे पैसे किती अडकले असतील गं?" मी पाच वर्षं त्या दुकानात जात होते. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

इथल्या मराठी मंडळातलं कुणी ना कुणी दर एक-दोन महिन्यांनी विचारतं, की मुलाला डिस्क गोल्फ आवडायला लागलाय, काय घेऊ, कुठून घेऊ, केवढ्याला पडेल? फोनवर पाच मिनिटांत सांगून भागत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. किमती अमेरिकेतल्या आहेत, डॉलरमध्ये, आणि ढोबळ आहेत. दुकानागणिक एक-दोन डॉलर इकडे-तिकडे होतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडू आणि काठीऐवजी हाताने चकती, म्हणजे डिस्क, फेकायची आणि खांबाला लोंबणाऱ्या साखळ्यांखालच्या टोपलीत ती पाडायची. कमी फेकींत पाडेल तो पुढे. कॅलिफोर्नियात एड हेड्रिक या माणसाने १९७५ साली ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमस्वरूपी मैदान उभं केलं आणि पुढे साखळ्यांची बास्केटही त्यानेच घडवली. आज जगभरात १५,००० हून अधिक मैदानं आहेत, त्यांतली सर्वांत जास्त अमेरिकेत, आणि बहुतेक सार्वजनिक बागांमध्ये फुकट. आमच्या शार्लटमध्ये हॉर्नेट्स नेस्ट, रेनेसन्स, नेव्हिन, एलॉन पार्क अशी बरीच आहेत, आणि तासाभराच्या आत रॉक हिलला विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून अमेरिकेची मोठी स्पर्धा भरते. मैदानाला तिकीट नाही, त्यामुळे खर्च होतो तो सामानावरच. म्हणून तो नीट समजून करावा.

आधी खेळून बघा

पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. ओळखीत कुणी खेळत असेल तर त्याच्याकडे जुन्या डिस्कचा ढीग असतोच, तो आनंदाने दोन-तीन देईल. ओळखीचं कुणी नसेल तर दुकानात जाऊन तसं सांगा. आमच्या दुकानात काउंटरखाली एक खोका आहे, त्यातल्या डिस्क नवख्यांना एका दिवसासाठी नुसत्याच देतात, ओळखपत्रही मागत नाहीत. सगळीकडे अशी सोय असेलच असं नाही, पण विचारायला काही लागत नाही. नऊ बास्केट खेळून झाल्यावर पोराला पुन्हा यायचं आहे का ते बघा. यायचं असेल तर खरेदीला लागा.

पहिली खरेदी: तीस डॉलर, तीन डिस्क

एक पटर, एक मिडरेंज, एक फेअरवे ड्रायव्हर. पटर बास्केटजवळून टाकायचा, मिडरेंज मधल्या अंतराला आणि फेअरवे ड्रायव्हर सुरुवातीच्या फेकीला. तिन्हींचा संच बऱ्याच कंपन्या स्वस्त प्लॅस्टिकमध्ये विकतात, साधारण २५ ते ३५ डॉलरला. इनोव्हा या कंपनीच्या संचात एव्हिआर, शार्क आणि लेपर्ड येतात. या तिन्ही डिस्क कित्येक वर्षं चालत आलेल्या आहेत आणि नवख्याच्या हाताला सरळ जातात. हा संच मोठ्या साखळी-दुकानातही मिळतो आणि खास दुकानातही, बहुतेक वेळा त्याच किमतीत. मग खास दुकानातूनच घ्या, कारण तिथे संचातली एखादी डिस्क तुमच्या हाताला जड वाटली तर बदलून देतील.

डिस्टन्स ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फेकीसाठीची डिस्क, घेऊ नका. भिंतीवर सर्वांत झगमगीत तेच असतात, आणि "यानेच लांब जातं" असं मैदानावर कुणीतरी सांगतंच. पहिल्या वर्षी मीही ऑनलाइन सेलमध्ये असे तीन ड्रायव्हर एकदम मागवले होते, तिन्ही १७५ ग्रॅमचे. एकही डिस्क सरळ गेली नाही, हातातून सुटली की डावीकडे वळून जमिनीत शिरायची. परत पाठवायच्या तर पोस्टेज माझंच, आणि एकदा फेकलेली डिस्क ते घेणारही नव्हते. पन्नासेक डॉलर गेले आणि मी दोन महिने समजत राहिले की माझाच हात चुकतोय.

किंमत ठरते प्लॅस्टिकवर

दुकानात एकाच नावाची डिस्क एका खणात ११ डॉलरला आणि दुसऱ्या खणात १९ डॉलरला दिसते, तेव्हा नवखा माणूस गोंधळतो. साचा तोच असतो, माल वेगळा असतो. प्रत्येक कंपनी तीन-चार प्रतींचं प्लॅस्टिक वापरते आणि प्रत्येक प्रतीला आपलं नाव देते. ही नावं एकदा कळली की अर्धा गोंधळ मिटतो.

सर्वांत स्वस्त प्रत: इनोव्हाची डीएक्स, डिस्कमेनियाची डी-लाइन, डायनॅमिक डिस्क्सची प्राइम, लॅटिट्यूड ६४ ची रेट्रो. नव्या डिस्कला साधारण १० ते १२ डॉलर. हाताला छान पकड मिळते. पण झाडावर दहा-वीस वेळा आपटली की कडेचे टवके उडतात आणि उड्डाण बदलतं. डिस्क हळूहळू मऊ होत जाते, उजवीकडे जास्त वळायला लागते. नवख्याला हे काही वाईट नाही, कारण त्याच्या हाताचा वेग कमी असतो आणि घासलेली डिस्क त्याला उलट सोपी जाते.

वरची प्रत: इनोव्हाची चॅम्पियन आणि स्टार, डिस्क्राफ्टची झी आणि ईएसपी, डायनॅमिकची ल्युसिड आणि फ्यूजन, लॅटिट्यूडची ऑप्टो आणि गोल्ड. साधारण १७ ते २० डॉलर. यांतल्या चॅम्पियन, झी, ल्युसिड आणि ऑप्टो या पारदर्शक, काचेसारख्या कडक. स्टार, ईएसपी, फ्यूजन आणि गोल्ड अपारदर्शक, जरा मऊ आणि पकडीला बऱ्या. या डिस्क वर्षानुवर्षं टिकतात. हिवाळ्यात मात्र पारदर्शक डिस्क हाताला आणखी कडक आणि निसरडी लागते, शार्लटच्या जानेवारीतसुद्धा ते जाणवतं.

त्याच्या वर चमकदार, रंगांची सरमिसळ केलेल्या, खेळाडूचं नाव छापलेल्या डिस्क, २० ते २५ आणि कधी त्याहूनही जास्त. ज्याचं नाव छापलेलं असतं त्याला विक्रीतला वाटा मिळतो. हा पैसा लहान नाही. पॉल मॅकबेथ या खेळाडूने २०२१ साली डिस्क्राफ्टशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला, तो अशाच डिस्कच्या विक्रीच्या जोरावर. आवडत्या खेळाडूला हातभार म्हणून अशी एखादी डिस्क जरूर घ्या. पण उडायला ती साध्या स्टार किंवा ईएसपीहून सरस असेल अशा समजुतीने घेऊ नका.

माझा सल्ला असा: पटर स्वस्त प्रतीचाच घ्या आणि कायम तीच प्रत वापरा, कारण पटरला पकड महत्त्वाची आणि तो झाडांवर कमी आपटतो. मिडरेंज आणि ड्रायव्हर पहिले सहा महिने स्वस्त प्रतीत वापरा. त्यांतली जी डिस्क हात आपसूक उचलतो, तिचा तोच साचा मग वरच्या प्रतीत घ्या. डिस्क्राफ्टची बझ ही मिडरेंज मी अशीच घेतली आणि आज चार वर्षांनी ती माझ्या बॅगेतली सर्वांत विश्वासाची डिस्क आहे.

चार आकडे आणि पाठीमागचं वजन

डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. पहिला वेग, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला उजवीकडे वळण्याचा, चौथा शेवटी डावीकडे झुकण्याचा. उजव्या हाताने, उलट्या हाताच्या फेकीने टाकणाऱ्यासाठी ही उजवी-डावी. डावखुऱ्याने उलटं वाचायचं. लेपर्डवर ६, ५, −२, १ असतात. डिस्ट्रॉयर या नावाजलेल्या डिस्टन्स ड्रायव्हरवर १२, ५, −१, ३. पहिला आकडा मोठा म्हणजे डिस्क लांब जाते असं नाही. तेवढ्या वेगाने फेकली तरच ती छापलेल्या आकड्यांप्रमाणे उडते. तुमची फेक २५० फुटांच्या आत असेल तर वेगाचा आकडा ७ च्या वर जाऊ देऊ नका आणि तिसरा आकडा उणे असलेली डिस्क निवडा. हे आकडे कंपन्या स्वतःच ठरवतात, त्यामुळे एका कंपनीचा ७ आणि दुसरीचा ७ तंतोतंत सारखे नसतात.

वजन डिस्कच्या पोटाशी पेनाने लिहिलेलं किंवा चिकटवलेलं असतं, ग्रॅममध्ये. व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेचा, म्हणजे पीडीजीएचा, नियम आहे की व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमहून जास्त वजन चालत नाही. २१.१ सेंटिमीटरची डिस्क म्हणजे १७५ ग्रॅम. भिंतीवर १७५ आणि १७३ आकड्यांची गर्दी असते ती त्यामुळे, दुकानदार कमाल वजनाच्या जवळचा माल भरतो. बायका, मुलं, वयस्कर माणसं आणि हाताचा वेग कमी असलेले कुणीही यांनी १५० ते १६५ ग्रॅम मागावं. बाबांना मी १५० ग्रॅमचा लेपर्ड घेऊन दिला. भिंतीवर तो नव्हता. दुकानदाराने मागच्या खोक्यातून शोधून काढला.

हातात घेऊन बघायचं म्हणजे काय बघायचं

खास दुकानाचा सर्वांत मोठा फायदा इथे आहे.

एकाच साच्याच्या, एकाच प्रतीच्या, एकाच वजनाच्या दोन डिस्क सारख्या नसतात. गरम प्लॅस्टिक साच्यात दाबाने भरतात, ते थंड होताना आकसतं, आणि किती आकसेल ते रंगावर, मिश्रणावर, त्या दिवसाच्या घाण्यावर ठरतं. त्यामुळे एकीचा माथा फुगीर होतो, दुसरीचा सपाट. फुगीर माथ्याची डिस्क जास्त तरंगते. सपाट माथ्याची लवकर खाली येते आणि बहुधा डावीकडे जास्त झुकते. ऑनलाइन छायाचित्रात यातलं काही दिसत नाही, शिवाय बहुतेक वेळा ते छायाचित्र तुमच्या डिस्कचं नसतंच.

एका साच्याच्या दोन-तीन डिस्क मागून घ्या. डोळ्यांच्या रेषेत आडव्या धरून माथे बघा. मग अंगठा वर ठेवून बाकीची बोटं आतल्या कडेखाली न्या, फेकताना धरता तशी. कड बोटांत खोल रुतत असेल तर ती तुमच्या हाताला रुंद आहे. लहान हाताच्या माणसाला रुंद कडेचा ड्रायव्हर कधीच सरळ सुटत नाही. मग दोन्ही हातांनी डिस्क जरा वाकवून बघा, किती कडक आहे ते. शेवटी कडेच्या बाहेरच्या जोडावरून बोट फिरवा. दोन साचे जिथे मिळतात तिथे बारीक रेघ जाणवते. ती रेघ वर असेल तर डिस्क साधारणपणे उजवीकडे कमी वळते, खाली असेल तर जास्त.

लहानपणी बाबा मला साताऱ्यात बॅट घ्यायला घेऊन गेले होते, तेव्हा दुकानदाराने सहा बॅटी काढून दिल्या होत्या आणि बाबांनी एकेक तोलून बघितली होती. डिस्कच्या दुकानात त्यांनी तेच केलं, कुणी न शिकवता. १५० ग्रॅमचे दोन लेपर्ड दोन तळहातांवर ठेवले, बराच वेळ बघितले आणि पिवळा उचलला. "हा पोटात भरलेला आहे," म्हणाले. माथा फुगीर होता त्याचा.

ऑनलाइन स्वस्त पडतं का? हिशोब मांडून बघा

बऱ्याच उत्पादक कंपन्या विक्रेत्यांना एक किमान जाहीर किंमत ठरवून देतात, त्याखालची किंमत जाहिरातीत दाखवायची नाही असा करार असतो. त्यामुळे नेहमीच्या डिस्कची किंमत ऑनलाइन आणि दुकानात साधारण सारखीच दिसते, फरक एक-दोन डॉलरचा. विक्रीकरही आता वाचत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेफेअर खटल्यात राज्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून परराज्यातल्या मोठ्या विक्रेत्यांनाही तुमच्या राज्याचा कर लावावा लागतो. "ऑनलाइन टॅक्स लागत नाही" ही समजूत जुनी झाली.

आता आकडे घ्या. दुकानात १८ डॉलरची डिस्क, ऑनलाइन १६.५०. पाठवणावळ ६. म्हणजे ऑनलाइन २२.५०. एक डिस्क घ्यायची तर दुकान साडेचार डॉलरनी स्वस्त. पाठवणावळ फुकट व्हायला ७५ डॉलरची खरेदी लागते असं धरा. मग पाच डिस्क घ्याव्या लागतात: ऑनलाइन ८२.५०, दुकानात ९०. साडेसात डॉलर वाचले खरे, पण तुम्हाला हवी होती एक डिस्क आणि घेतल्यात पाच. ज्यांच्या गॅरेजमध्ये साठ-सत्तर डिस्क पडून आहेत अशी चार घरं मला माहीत आहेत, आणि त्या बहुतेक पाठवणावळ वाचवताना आलेल्या आहेत.

ऑनलाइन घेणं जिथे रास्त आहे तेही सांगते. दुकान दीड तासावर असेल तर. ठरावीक वजनाची, ठरावीक प्रतीची डिस्क हवी असेल आणि दुकानदाराने "मागवून देणं जमणार नाही" असं सांगितलं असेल तर. अशा वेळी असा विक्रेता निवडा, जो प्रत्येक डिस्कचं खरं छायाचित्र आणि वजन लावतो. त्यातले काहीजण म्हणजे दुसऱ्या गावातली अशीच छोटी दुकानं असतात. आधी मात्र आपल्या दुकानात विचाराच. पुढच्या घाऊक मागणीत एक डिस्क वाढवून घालणं त्याला जड नसतं, आणि पाठवणावळ तुमच्या माथी येत नाही.

आणखी एक जागा आहे पैसे वाचवायची: कारखान्यातून दुय्यम म्हणून बाजूला काढलेल्या किंवा छपाई चुकलेल्या डिस्क. डिस्क ठीक असते, शिक्का दुहेरी उमटलेला किंवा अर्धा पुसलेला असतो. साध्या वरच्या प्रतीपेक्षा चार-पाच डॉलर कमी. रंगाचा आणि शिक्क्याचा सोस नसेल तर याहून चांगली खरेदी नाही. दुकानात या वेगळ्या खोक्यात असतात, खाली बघा.

वापरलेल्या डिस्कचा खण

आम्ही सर्वांत जास्त खरेदी इथून करतो. ५ ते १२ डॉलरला वरच्या प्रतीची डिस्क मिळते. डिस्कवर बहुधा दहापैकी गुण लिहिलेले असतात. दहा म्हणजे कोरी, सात म्हणजे चांगली वापरलेली पण धड, पाचच्या खाली घेऊ नका. गुणांवर भिस्त ठेवू नका, स्वतः बघा.

काउंटरच्या सपाट काचेवर डिस्क ठेवा आणि कडेला बोटाने दाबा. डुगडुगली तर ती वाकलेली आहे. उन्हात गाडीत राहिलेल्या डिस्कचं असंच होतं. थोडा बाक असेल तर घरी गरम पाण्यात ठेवून सपाट पृष्ठभागावर दाबली की बऱ्याचदा उतरतो, पण मग किंमतही तशीच हवी. माथ्यावरच्या ओरखड्यांनी काही बिघडत नाही. बाहेरच्या कडेवर नख फिरवा, हवेला आधी भिडणारी जागा ती. तिथे खोल टवका असेल तर ठेवून द्या.

मग पोटाशी बघा. जुन्या मालकाचं नाव आणि फोन असेल तर दुकानदाराला विचारा, की मालकाला विचारलंय का? चांगला दुकानदार फोन करून झाल्यावरच डिस्क खणात लावतो आणि तसं सांगतो. तळ्यात बुडी मारून काढलेल्या डिस्क विकणारे लोक आहेत, ते नंबर बघतही नाहीत. तशा डिस्क स्वस्त मिळाल्या तरी मी घेत नाही. ज्याची हरवली तो दुसऱ्या काठावर उभा असतो.

न चालणाऱ्या तुमच्या डिस्कही इथेच द्या. रोख कमी मिळते, दुकानातली जमा जास्त मिळते. ऑनलाइन सेलमधले ते तीन ड्रायव्हर मी शेवटी इथेच दिले आणि त्या जमेत मुलाला दोन मिडरेंज आले.

दुकान सांभाळायचं म्हणजे काय करायचं

बाबांनी मला दुकानदाराला विचारायला लावलंच: एका डिस्कमागे काय सुटतं? त्याने हसून आकडा सांगितला नाही, पण बाबांनी घरी येताना गाडीत हिशोब मांडला. १८ डॉलरच्या डिस्कमागे सात-आठ सुटत असतील असं धरा. दिवसाला वीस डिस्क खपल्या तर दीडशे. त्यात जागेचं भाडं, वीज, एक नोकर. शिवाय प्रत्येक साचा, प्रत्येक प्रत, प्रत्येक वजन मांडून ठेवायचं, त्यातला निम्मा माल वर्षभर हलत नाही. "वह्यांचं बरं होतं," म्हणाले, "जून आला की सगळ्या जातात." २०२० आणि २०२१ मध्ये लोक घराबाहेर मोकळ्या हवेत खेळायला लागले तेव्हा डिस्क मिळत नव्हत्या. पुढे मागणी ओसरली आणि पुष्कळांकडे माल पडून राहिला.

या तोट्या-नफ्यातून दुकान जे करतं ते मैदानावर दिसतं. आमच्याकडे बुधवारची संध्याकाळची लीग दुकानच चालवतं. स्पर्धांमध्ये हौशी गटाला रोख बक्षीस नसतं, सामान असतं, आणि ते सामान किंवा तेवढ्या खरेदीचा दुकानाचा कागद (व्हाउचर) स्थानिक दुकानातून येतो. एका कायमस्वरूपी बास्केटला चार-पाचशे डॉलर पडतात, अठरा बास्केटचं मैदान म्हणजे काँक्रीट आणि फलक सोडून सात ते नऊ हजार. नगरपालिका जागा देते, बाकीचं क्लब जमवतो, आणि वर्गणीच्या यादीत दुकानाचं नाव असतं.

तेव्हा करायचं ते असं. दुकानात तासभर डिस्क हाताळून, वजनं विचारून, सल्ला घेऊन मग तिथेच उभं राहून फोनवर दुसरीकडून मागवू नका. त्याला ते दिसतं. फक्त विचारायला गेला असाल तरी निघताना एखादा टॉवेल, एखादं मार्कर घ्या, तीन-चार डॉलरचं. कुणाला भेट द्यायची तर दुकानाचं भेटकार्ड द्या. डिस्क निवडून देऊ नका, ती ज्याची त्याने निवडावी. लीगमध्ये जिंकलेले कागद खिशात साठवू नका, महिन्याभरात वापरा. एखादी डिस्क महाग वाटली तर सरळ सांगा, "माझं बजेट पंधरा डॉलर आहे, त्यात काय देता?" घासाघीस इथे चालत नाही, पण बजेट सांगितलं की दुकानदार स्वतःच वापरलेल्या खणाकडे नेतो.

आणि दुकान चांगलं नसेल तर? तेही असतं. नवख्याला १२ वेगाचा ड्रायव्हर गळ्यात बांधणारं, वजन विचारलं तर खांदे उडवणारं, एकट्या आलेल्या बाईकडे दुर्लक्ष करणारं. माझ्या वाट्याला असं एक आलं होतं. तिथे मी परत गेले नाही. जवळचं आहे एवढ्यावर कुणाचं देणं लागत नाही. जो तुमचा हात बघून डिस्क काढतो त्याच्याकडे जा, वीस मिनिटं जास्त गाडी चालवावी लागली तरी.

बॅग, गाडी, घरची बास्केट

तीन डिस्कला बॅग लागत नाही, घरातली कापडी पिशवी पुरते. सात-आठ डिस्क झाल्या की २०-३० डॉलरची खांद्याची बॅग. पाठीवरची मोठी ६० पासून २०० च्या वर जाते, ती पंधरा डिस्क आणि पाण्याच्या दोन बाटल्या न्यायच्या झाल्या तरच. चाकांची ढकलगाडी पाठ दुखणाऱ्यांनी घ्यावी. बुटांवर मात्र खर्च करा, पावसाळी चिखलात पाय सरकला की गुडघा जातो.

घडीची बास्केट १०० डॉलरच्या आसपास मिळते आणि मागच्या अंगणात तिच्याइतकं उपयोगी काही नाही. रोज पटरच्या वीस फेकी, पंधरा फुटांवरून. बाबा सकाळी चहाच्या आधी तेच करायचे, साखळ्यांचा खळखळाट ऐकून आम्हाला जाग यायची.

नाव आणि नंबर

डिस्क घेतल्यावर दुकानातून बाहेर पडण्याआधी तिच्या पोटाशी जाड मार्करने नाव आणि फोन लिहा. माथ्यावर नको, झाडांवर घासून जातं. दोन मिनिटं शाई वाळू द्या, नाहीतर बोटांना लागते. जिथे तळं आडवं येतं तिथे महाग डिस्क काढू नका. इनोव्हाची ड्रॅगन पाण्यावर तरंगते, तशी एखादी बॅगेत असू द्या. सापडलेली डिस्क आपण ठेवून घ्यायची नाही. नंबर असेल तर फोन किंवा निरोप, नसेल तर दुकानातल्या हरवलं-सापडलं खोक्यात.

बाबांनी त्यांच्या पिवळ्या लेपर्डवर सवयीने साताऱ्याचा नंबर लिहिला, आधी ९१ लावून. सप्टेंबरात एलॉन पार्कच्या एका बास्केटजवळच्या झाडीत ती गेली, आम्ही अर्धा तास शोधली, सापडली नाही. तीन आठवड्यांनी मी दुकानात टॉवेल घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने काउंटरखालून ती काढून माझ्यासमोर ठेवली. कुणीतरी आणून दिली होती, नंबर लागत नाही म्हणून. "हा नंबर इथला नाही," तो म्हणाला, "म्हणून मी म्हटलं, तुझ्या वडिलांचीच असणार."

बाबा तोवर परत गेले होते. मंडळातलं एक कुटुंब दिवाळीला पुण्याला जाणार होतं, त्यांच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये सपाट ठेवून दिली.